तार डोक्यावरून गेली
(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अभ्यासवर्गाने मला विषय दिलाय : गरीब देशांचा विकास भ्रष्टाचाराने आणि नालायक कारभाराने का अडतो. विषय जुना. त्यावर बोलणारे पांढरपेशे विद्वानही जुने. आणि त्यांचं उत्तर तर सगळ्यात जुनं. ते म्हणतात, तिथली माणसंच तसली. आळशी, चोर, रक्तातच खोट. स्वातंत्र्य दिलं तरी राज्य चालवायची अक्कल नाही.

हे वाक्य आपल्या कानाला ओळखीचं आहे. 'त्यांची जातच तसली' हे ऐकत आपल्या कैक पिढ्या गेल्या. म्हणून हा प्रश्न मी इथे जरा नीट उकलणार आहे. मोघम 'तिसरे जग तिसरे जग' करत बसणार नाही. आफ्रिकेतला एकच देश घेतो, काँगो. त्याचा जमाखर्च मांडू. मग ठरवू, खोट रक्तात आहे की रचनेत.

काँगोच्या जमिनीत तांबं आहे, कोबाल्ट आहे, हिरे आहेत, सोनं आहे. काँगो नदीएवढं पाणी वाहून नेणारी जगात एकच नदी, ॲमेझॉन. असा देश गरीब असायचं काही कारण नव्हतं. पण १८८५ साली युरोपातल्या राजेरजवाड्यांनी आणि मुत्सद्द्यांनी हा देश बेल्जियमच्या राजाला, दुसऱ्या लिओपोल्डला, खाजगी मालमत्ता म्हणून बहाल केला. रबराचा कोटा भरला नाही की गावं जाळायची, हात तोडायचे. १९०८ पर्यंत हे चाललं. मग बेल्जियम सरकारने ताबा घेतला तो ३० जून १९६० पर्यंत. त्या दिवशी देश स्वतंत्र झाला तेव्हा काँगोच्या सैन्यात एकही अधिकारी काळा नव्हता. पदवीधर बोटांवर मोजावेत एवढे. शिकू द्यायचं नाही, आणि मग म्हणायचं बघा यांना कारभार जमत नाही. ही चाल आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

निवडून आलेला पंतप्रधान होता पॅट्रिस लुमुंबा. १७ जानेवारी १९६१ ला कटांगात त्याला गोळ्या घातल्या. या खुनात आपला हात होता याबद्दल बेल्जियम सरकारने माफी मागितली, ती २००२ साली. एकेचाळीस वर्षांनी. १९६५ मध्ये सेनापती मोबुतूने सत्ता बळकावली आणि ३२ वर्षं सोडली नाही. अमेरिकेचा तो लाडका, कारण कम्युनिस्टांच्या विरोधात. काँगोतल्या भ्रष्टाचाराची गोष्ट इथून सांगायची असते. मोबुतूच्या खिशापासून सुरू केली की अर्धी गोष्ट दडपली जाते.

आता खिशाकडे येऊ.

१९७१ मध्ये त्याने देशाचं नाव बदलून झाईर ठेवलं. १९७३ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं : परदेशी लोकांची दुकानं, मळे, छोटे-मध्यम धंदे आता झाईरच्या माणसांचे. ऐकायला क्रांतीच. पब्लिक खूश. पण वाटप कुणाला झालं? मंत्र्यांना, पक्षाच्या पुढाऱ्यांना, अधिकाऱ्यांना, त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांना. त्यांनी काय केलं, तर दुकानातला माल विकला, पैसे खिशात घातले आणि कुलूप लावलं. नवा माल भरायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना धंदा करायचाच नव्हता. दोन-तीन वर्षांत सरकारलाच मालक परत बोलवावे लागले. मळ्यात राबणारा मजूर मात्र तिथेच राहिला, नुसता मालक काळा झाला. हे लक्षात ठेवा. नावं बदलली, झेंडे बदलले, घोषणा बदलल्या की वाटप बदलतंच असं नाही.

१९७६ मध्ये भर स्टेडियममध्ये, हजारो लोकांसमोर, मोबुतूने सांगितलं की चोरायचंच तर थोडं चोरा, हुशारीने चोरा. एका रात्रीत श्रीमंत व्हाल एवढं चोराल तर पकडले जाल. राष्ट्रप्रमुखाचं हे धोरण! आपण चिरीमिरी म्हणतो, त्याला तिथे मातबिश म्हणतात. मंत्री तिजोरीतून घ्यायचा. त्याच्या खालचा खात्यातून. त्याच्या खालचा अर्जदाराकडून. सगळ्यात खाली शिपाई. त्याला पगारच मिळत नव्हता, कारण पगार वरच कापला गेलेला. मग तो रस्त्यात आडवा बांबू टाकून उभा. बाजाराला कसाव्याची टोपली घेऊन निघालेल्या बाईकडून तो वसूल करणार. सगळ्या साखळीचं वजन शेवटी त्या टोपलीवर.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला मोठे शब्द असतील. साधं गणित असं की, ज्या बाईला चार नाक्यांवर चार वेळा द्यावं लागतं ती पुढच्या खेपेला बाजारात येतच नाही. शेतकरी स्वतःच्या पोटापुरतं पिकवतो. रस्ता दुरुस्त होत नाही, ट्रक बंद पडतो. ज्या देशात एवढी जमीन, एवढं पाणी, तो देश शहरांसाठी बाहेरून धान्य आणतो. विकास अडतो म्हणजे हे असं अडतं. चोरलेला पैसा हा फक्त पहिला तोटा. खरा मोठा तोटा म्हणजे जे पिकलंच नाही, जे उभं राहिलंच नाही, ते.

आता एक तार बघा. काँगो नदीवर इंगा इथे धरणं बांधली. पहिलं १९७२ मध्ये सुरू झालं, दुसरं १९८२ मध्ये. तिथून कटांगाच्या तांब्याच्या खाणींपर्यंत, तेव्हा त्या प्रांताचं नाव शाबा, सुमारे १,७०० किलोमीटर लांब वीजवाहिनी टाकली. खर्च एक अब्ज डॉलरच्या आसपास, सगळा कर्जातून. कटांगाजवळ स्वतःची जलवीज होती, आणखी करता आली असती. पण १९६० मध्ये हा प्रांत फुटून निघाला होता. अनेक अभ्यासकांच्या मते मोबुतूला त्याचं बटण राजधानीच्या हातात हवं होतं. परदेशी कंपन्यांना ठेका हवा होता. बँकांना व्याज हवं होतं. गावांना वीज हवी होती, पण गावांना कुणी विचारलं नाही. ही वाहिनी अशा जातीची की मधल्या गावात तिच्यातून वीज उतरवून घेताच येत नाही. तार डोक्यावरून गेली, खाली अंधार तसाच. कर्ज मात्र खालच्यांच्या डोक्यावर. भ्रष्ट कारभाराचा हा खरा चेहरा आहे. नुसती लाच बघत बसलात तर तो दिसणार नाही. काय बांधायचं हेच तिथे टक्का बघून ठरतं.

तुम्ही म्हणाल, कर्ज देणाऱ्यांना ठाऊक नसेल. चांगलं ठाऊक होतं. १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एर्विन ब्लुमेंथाल नावाचा जर्मन बँकर झाईरच्या मध्यवर्ती बँकेत बसवला. तो वर्षभरात निघून गेला. १९८२ च्या आपल्या अहवालात त्याने स्पष्ट लिहिलं की धनकोंना आपले पैसे परत मिळण्याची काही आशा नाही. तरीही कर्ज चालूच. त्याच काळात गबादोलीते या आपल्या गावाकडे मोबुतू राजवाडे बांधत होता, कॉन्कर्ड विमान उतरेल एवढी लांब धावपट्टी करत होता. आता सांगा, घेणारा चोर, तर देणारा कोण? आपल्या बोलीत त्याला साथीदार म्हणतात. त्यांच्या भाषेत त्याला विकासाचा भागीदार म्हणतात.

शेवट काय झाला? १९८० च्या दशकाच्या मध्याला सरकारी खाण कंपनी जेकामीन वर्षाला साडेचार लाख टनांहून जास्त तांबं काढत होती. तिच्यातून पैसा उपसला, यंत्राला तेल घातलं नाही. १९९० मध्ये कामोतोच्या मोठ्या खाणीचा भाग कोसळला. १९९४ पर्यंत उत्पादन पन्नास हजार टनांच्याही खाली. १९९१ मध्ये पगार न मिळालेल्या सैनिकांनी किन्शासा लुटली. १९९३ मध्ये त्यांना पन्नास लाख झाईरच्या नव्या नोटेत पगार दिला, दुकानदार ती नोट घेईनात, पुन्हा लुटालूट. वर्गात मास्तर उभा, पण त्याचा पगार सरकार देत नाही, मुलांचे आईबाप वर्गणी काढून देतात. ज्याच्याकडे वर्गणी नाही त्याचं पोरगं घरी. १९९७ मध्ये मोबुतू पळाला आणि मोरोक्कोत मेला.

मग पैशाचं काय झालं तेही ऐका. स्वित्झर्लंडमध्ये त्याचे सुमारे ७७ लाख फ्रँक गोठवलेले सापडले. एवढ्या लुटीतले एवढेच. २००९ मध्ये तिथल्या न्यायालयाने मुदत उलटून गेली म्हणून कारवाई नाकारली, आणि ती रक्कमही मोबुतूच्या वारसांना मोकळी झाली. कर्जाला मात्र मुदत नव्हती. दहा अब्ज डॉलरहून जास्त कर्ज काँगोच्या जनतेच्या नावावर राहिलं. त्यातलं बरंचसं माफ झालं ते २०१० साली, तेही अटी घालून. चोरीला मुदत असते, कर्जाला नसते. साला, याला म्हणायचं कायद्याचं राज्य!

आणि हे मोबुतूबरोबर संपलं असं समजू नका. आज जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त काँगोतून येतं. तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीतही ते असण्याचा संभव मोठा. त्या कोबाल्टच्या धंद्यातली बडी कंपनी ग्लेन्कोर. २००७ ते २०१८ या काळातल्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत तिने डिसेंबर २०२२ मध्ये काँगो सरकारला १८ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. लाच देणारे हात गोरे, टायवाले, हिशेबनीस ठेवणारे असतात, एवढं यातून कळलं तरी पुरे.

तेव्हा आता रक्तात की रचनेत? माझं म्हणणं एका वाक्यात : ज्या राज्यकर्त्याला जनतेची गरज नाही, तो जनतेला हिशेब देत नाही. मोबुतूला पैसा खाणीतून मिळत होता, कर्ज बाहेरून, बंदूक बाहेरून. कराचा पैसा नको, खरं मत नको. मग त्याने रस्ता कुणासाठी बांधायचा? गोरा, काळा, सवर्ण, दलित, कुणीही त्या खुर्चीवर बसवा. वरून पोसला जाणारा आणि खाली कुणाला उत्तर द्यावं न लागणारा माणूस असाच वागेल. आपल्यातला असला तरी. हे शेवटचं वाक्य विसरू नका.

पुरावा हवा? बोट्स्वाना घ्या. १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा सगळ्या देशात डांबरी रस्ता नावालाच. पुढे हिरे सापडले. तो पैसा अर्थसंकल्पातून गेला, शाळा-दवाखान्यांत दिसला, निवडणुका होत राहिल्या. तिथली माणसंही आफ्रिकेचीच. पण तिथेही कलहारीतल्या सान आदिवासींना १९९७ आणि २००२ मध्ये त्यांच्या भूमीवरून हटवलं, आणि २००६ मध्ये त्यांना कोर्टात जिंकावं लागलं. हिशेब चोख असला तरी तळातल्या माणसाला त्यात वेगळं भांडून शिरावं लागतं.

दुसरा पुरावा युगांडाचा. १९९१ ते १९९५ या काळात सरकारने प्राथमिक शाळांना दर मुलामागे जे अनुदान पाठवलं, त्यातलं शंभरातलं सरासरी तेरा शाळेत पोचत होतं. बाकीचं वाटेत जिल्ह्याच्या कचेऱ्यांत मुरत होतं. मग सरकारने कुठे किती रक्कम पाठवली ते वर्तमानपत्रात छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. २००१ पर्यंत शंभरातले ऐंशीहून जास्त पोचू लागले. दुसऱ्या सुधारणाही त्यात होत्या, सगळं श्रेय कागदाला देऊ नका. पण संशोधकांना आढळलं की ज्या शाळेजवळ वर्तमानपत्र मिळत होतं तिथे पैसा जास्त पोचला. अधिकारी तेच होते. रक्त तेच होतं. फक्त आईबापांना आकडा माहीत झाला.

आकडा माहीत होणं ही केवढी गोष्ट आहे बघा. आपल्याकडे हा हक्क कुणी ताटात वाढून दिला नाही. राजस्थानातल्या मजुरांनी १९९० च्या दशकात गावोगाव जनसुनवाया भरवल्या, हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं मजूर म्हणून लावलेली चव्हाट्यावर वाचून दाखवली, तेव्हा कुठे २००५ चा माहितीचा अधिकार आला. दहा रुपयांचा अर्ज. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. मोबुतूच्या प्रजेकडे हा कागद नव्हता. आपल्याकडे आहे आणि तो गंजत पडलाय.

म्हणून माझं मागणं लहान आहे. 'सगळे चोर आहेत' म्हणून चहा पीत बसू नका. हे वाक्य चोराला फार सोयीचं असतं. आपल्या वस्तीतल्या संडासासाठी किती मंजूर झाले, गटारासाठी किती, शिष्यवृत्तीचे किती आले आणि किती पोरांच्या हातात पडले, एवढे तीन आकडे काढा. वस्तीत मोठ्या अक्षरांत लावा. अडाणी म्हातारीला वाचून दाखवा. पुढारी आपल्या जातीचा, आपल्या पक्षाचा असला तर आधी त्याचा आकडा लावा. मारहाण होईल, फोडाफोडी होईल, धमक्या येतील. म्हणून एकट्याने जाऊ नका, दहाजण जा.

तार डोक्यावरून जातेय तोवर खाली बसून प्रकाशाची वाट बघण्यात अर्थ नाही. ती कुणी टाकली, कितीला टाकली आणि आपल्या घरात का उतरली नाही, हे विचारायला उठलं पाहिजे.

जय भीम.