तळाच्या गाळाची साक्ष
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



ग्रंथांच्या सहवासात समुद्रतळाच्या चिखलाविषयी बोलताना थोडा संकोच वाटतो. परंतु पणजीतल्या श्रोत्यांना समुद्र काही परका नाही.

जुने खलाशी शिशाच्या वजनाच्या बुडाला चरबी लावून ते दोरीने तळाशी सोडीत. चरबीला वाळू चिकटते की चिखल, हे पाहून नांगर कोठे टाकावा ते ठरे. आज हे काम ध्वनी करतो. जहाजावरून सोडलेल्या ध्वनीचा काही अंश तळावरून परततो, काही आत शिरून खालच्या थरांवरून. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1,500 मीटर. वाळूत तो अधिक असतो. अगदी मऊ चिखलात मात्र पाण्यापेक्षाही किंचित कमी! प्रथम मलाही हे खरे वाटले नव्हते. चिखलाचे सूक्ष्म कण भार वाढवितात, ताठरपणा मात्र फारसा देत नाहीत, हे त्याचे कारण. तो ताठरपणा मोजण्यास आडव्या कंपनांचे तरंग लागतात. ते पाण्यातून जातच नाहीत. म्हणून कंपनमापक थेट तळावर नेऊन ठेवावा लागतो. समुद्रात तेलाचे मनोरे उभारणाऱ्यांना हाच आकडा हवा असतो.

आपल्या किनाऱ्यालगत आणखी एक अडचण आहे. गाळात कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यापासून मिथेन वायू होतो. त्याचे बुडबुडे ध्वनी विखुरतात, शोषून घेतात, आणि आलेखावर खालचे थर पडद्याआड जातात.

प्रतिध्वनी फसवितोही. केरळ-कोकण खोऱ्याच्या भूकंपीय आलेखांत तळाला समांतर अशी एक ठळक रेषा दिसली. बर्फासारख्या स्फटिकांत कोंडलेल्या मिथेनची, म्हणजे वायू-हायड्रेटची, ती खूण समजली गेली. 2006 साली ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने तेथे छिद्र घेतले. हायड्रेट नव्हतेच, निघाला तो कार्बोनेटयुक्त गाळ. त्याच मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र हायड्रेट भरपूर मिळाले. कोकणातल्या त्या रिकाम्या छिद्राची कोणी फारशी वाच्यता करीत नाही. मला ते अधिक मोलाचे वाटते.

आलेख कितीही सुबक असो, नळी रोवून गाळाचा नमुना वर काढल्यावाचून मी अहवालावर सही करीत नसे. तरुण सहकारी कुरकुरत. जहाजाचा प्रत्येक दिवस महाग असतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

टेबलावरच्या बरणीत असाच थोडा गाळ आणला आहे. इच्छा असेल त्यांनी बोट बुडवून पाहावे. हात धुण्याची सोय ग्रंथपालांनी मागील पडवीत केली आहे.