तणमुक्त प्रक्षेत्राचा सोस



 अध्यक्षीय भाषणात प्रथेप्रमाणे मी आता तणविज्ञानाचा आढावा घ्यायला हवा. गव्हातल्या चंदनबटव्यापासून उसातल्या लव्हाळ्यापर्यंत सगळे छापील भाषणात आहे. ते सवडीने वाचा. आज मी एकाच तणाबद्दल बोलणार आहे, कारण पुन्हा कोणी मला माईक देईल याची खात्री नाही. ते तण म्हणजे टारफुला.

त्याचे बी धुळीच्या कणाएवढे. एका झाडाला हजारोंनी धरते आणि जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. ज्वारीच्या मुळातून पाझरणारे द्रव्य मिळाले की ते उगवते आणि मुळालाच चिकटते. पांढरी फुले दिसून आपण खुरपे हाती घेतो, तोवर बराचसा घात जमिनीखाली झालेला असतो.

१९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. उत्पादनाने सगळ्यांचे डोळे दिपले. पुढे टारफुल्याच्या प्रयोगांत हाच वाण ‘हमखास बळी पडणारा’ म्हणून तुलनेसाठी लावला जाऊ लागला. हे आधीच का कळले नाही? कारण आपण वाण पारखतो सरकारी प्रक्षेत्राच्या स्वच्छ जमिनीवर आणि धाडतो टारफुल्याच्या जमिनीवर.

नोकरीच्या सुरुवातीला मी वरिष्ठांकडे अर्धा एकर मागितला होता. त्यात मुद्दाम टारफुल्याचे बी मिसळायचे आणि प्रत्येक नवा वाण तिथे लावून बघायचा, एवढाच बेत. अर्ज परत आला. शेरा होता : ‘प्रक्षेत्रावर पाहुणे येतात.’ मर रोगासाठी रोगट वाफे चालतात, तणासाठी मात्र लाज वाटते! तो शेरा मी अजून गिळलेला नाही.

टारफुल्याला तोंड देणारा वाण कसा असावा, यावरून सकाळच्या सत्रात दोन तट पडले. एक म्हणतो, मुळातून बी उगवणारे ते उद्दीपक द्रव्य कमी पाझरेल तोच वाण खरा. दुसरा म्हणतो, चिकटलेल्या टारफुल्याला मुळातच अडवेल तो खरा. दोन्ही गोष्टी सिद्ध झालेल्या आहेत. इथिओपियात जन्मलेल्या गेबिसा एजेटा यांनी पहिल्या वाटेने जाऊन आफ्रिकेला टारफुल्याला दाद न देणारी ज्वारी दिली. २००९चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. दुसऱ्या वाटेची एन-१३ ही ज्वारी तर आपल्याच देशातली. पण माझ्यापुरता हा वाद लातूरकडच्या एका शिवारात मिटला. तिथे हायब्रीडचे बी कमी पडले म्हणून शेतकऱ्याने दोन तासे घरच्या बियाण्याची पेरली होती. पाऊस होऊन गेलेला, जमीन ओली, तरी भर दुपारी हायब्रीडची पाने पाणी तुटल्यासारखी लोंबत होती. घरच्या ज्वारीभोवतीही टारफुला होता, पण तिने कणीस धरले होते. आम्ही दोन्ही ठोंब कुदळीने उकरले, बादलीत मुळे खळबळून धुतली. दोन्हींच्या मुळांना पांढरे कोंब सारखेच चिकटलेले! म्हणजे ती ज्वारी ना पहिल्या तटाची, ना दुसऱ्या तटाची. ती सोसणारी होती. कारभारीण म्हणाली, “साहेब, आमाला कणीस पायजे, कारण तुमी शोधा.”

सोसणारा वाण तणाच्या बियांचा साठा वाढवतो, असा आक्षेप तुम्ही घ्याल. बरोबर आहे. म्हणून तर मागून कापूस घ्यायचा. कापसाच्या मुळांमुळे टारफुल्याचे बी उगवते आणि पोसणारे कोणी नसल्याने मरते. ज्या प्रकारच्या द्रव्याने ते उगवते, ते १९६६ साली पहिल्यांदा वेगळे केले गेले तेही कापसाच्याच मुळांतून.

हे ज्वारीचे दुखणे, असे म्हणत गव्हावाले मित्र आता गालातल्या गालात हसत आहेत. जपून हसा. आपला गहू वाचतो तो थंडीच्या हंगामामुळे. टारफुल्याला जमीन उबदार लागते. आफ्रिकेतला त्याचा भाऊबंद, स्ट्रायगा हर्मोन्थिका, गव्हावरही पोसतो हे प्रयोगांत दिसून आले आहे. हंगामाच्या पुण्याईला वाणाची ताकद समजू नका. गव्हाचे किती वाण या परीक्षेला बसवलेत, ते सांगा.

पुढची कामे थोडक्यात सांगतो. प्रत्येक विभागात टारफुल्याचा एक वाफा हवा. बियाण्याच्या पिशवीवर त्याबद्दल एक ओळ हवी. बाधित गावांचा नकाशा हवा. पैसा, माणसे आणि मुदत यांचे कार्यकारिणीने बघावे. माझा आता त्यातला उत्साह ओसरला आहे.

पण एवढे ऐकाच. वाणाची शिफारस करण्यापूर्वी तो टारफुल्यात उभा करून बघा. तेही जमत नसेल, तर शिफारशीत प्रामाणिकपणे लिहा : हा वाण फक्त सरकारी जमिनीत पेरावा.