‘उद्या सांगतो’ म्हणायला शिकावे
(विहारात वर्षावासातील रविवारच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



आम्हाला विषय दिला आहे ‘धम्म आणि कार्यकर्ता’. पण वस्तीतला कार्यकर्ता पन्नाशीला आला की त्याच्या खिशात दोनच वस्तू सापडतात, पावतीपुस्तक आणि गोळ्यांचे पाकीट. पावतीपुस्तकावर सगळेच बोलतात. आम्ही आज गोळ्यांवर बोलणार, तेही दम पुरेल तेवढेच.

आम्ही सूतगिरणीत कार्डिंग खात्यात. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाते. त्यातून जो रोग होतो त्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी विचित्र. सुट्टी घेऊन माणूस ताजातवाना कामावर जातो आणि नेमकी त्याच दिवशी छाती आवळते. मंगळवार-बुधवारी जरा हलके वाटते. दुखणे जुने झाले की मग आठवडाभर पाठ सोडत नाही. कामगार विम्याच्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांच्या यादीत त्याचे नाव आहे, तरी पुष्कळ कामगार त्याला नुसता दमा समजतात. वर आम्हाला साखरही आहे. जेवणाची वेळ चुकली की घाम फुटतो, हात थरथरतात.

आणि दारात माणूस उभा असतो. “दादा, पोरीचं लग्न आहे, विधी तुम्हीच लावायचा.” “दादा, सोमवारी बैठक आहे.” आपल्या तोंडून ‘हो’ निघून जातो. का निघतो? कारण अडीअडचणीला हीच माणसे धावून आलेली असतात. पण होकार दिलेला माणूस ऐनवेळी खाटेवर पडला तर मांडवातले लोक ताटकळतात. त्यापेक्षा आधी सांगितलेले बरे. म्हणून आम्ही आता ‘उद्या सांगतो’ म्हणतो. रात्री वही उघडतो. कोणती पाळी आहे, जेवण कुठे सापडते, किती जिने चढायचे, सगळे बघतो. सोमवारी संध्याकाळचे काही घेतच नाही. मयताला मात्र वही बघत नाही. तिथे जायचेच, खांदा तरुणांनी द्यावा, वंदना आम्ही घेतो.

यावर काहीजण म्हणाले, गृहस्थ मोठे झाले! एकाने तर सुनावले, बाबासाहेब अठरा-अठरा तास काम करायचे. करायचेच. पण त्यांनाही मधुमेह होता, पाय दुखत असत. १० ऑगस्ट १९५१ ला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृतीची आपल्याला व डॉक्टरांना काळजी वाटते, तेव्हा उपचारासाठी डॉक्टरांच्या हाती जाण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, ते १६ ऑगस्टला सभागृहात घ्यावे, असा त्याचा आशय. म्हणजे अंगात किती बळ उरले आहे हे बघून कोणते काम आधी, हे त्यांनी ठरवले. बिल रखडले आणि त्यांनी राजीनामा दिला, ती गोष्ट वेगळी.

राहुलाला भगवंतांनी आरशाचा दाखला दिला, तो ‘मज्झिम निकाया’त आहे. कोणतेही कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर नीट निरखून बघ, याने मला, दुसऱ्याला की दोघांनाही पीडा होईल? त्यात ‘मला’ हा शब्द आधी येतो. आपण तेवढाच गाळून वाचतो.

त्याच ग्रंथातली ‘सेख सुत्ता’ची कथा. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. भगवंत रात्री बराच वेळ धम्म सांगत होते. मग त्यांनी आनंदाला पुढे बोलायला सांगितले. माझी पाठ दुखते, मी जरा पडतो, असे सर्वांदेखत सांगून ते उजव्या कुशीवर झोपले. तेही उद्घाटनाच्या सभेत! आपल्याकडे असे कोणी केले असते तर कमिटीत महिनाभर चर्चा झाली असती.

आमचे एक वेळ ठीक आहे, आम्ही पुरुष, आमचे ‘उद्या सांगतो’ लोक ऐकून घेतात. भगिनींचे कोण ऐकते? बीपीची गोळी घेऊन शंभर माणसांची भाजी चिरायला बसायचे, घरी जाऊन पुन्हा चूल आहेच. कोणाचे गुडघे गेलेत, कोणाच्या अंगात रक्त कमी आहे. आणि आपण काय करतो, तर माईकवरून त्यांची नावे पुकारतो, आधी विचारतही नाही. सगळ्यांसमोर नाव घेतल्यावर ती बाई ‘नाही’ कशी म्हणेल? ही पद्धत बंद करा, असे आमचे कमिटीला स्पष्ट सांगणे आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कामाची वही ग्रंथालयाच्या खिडकीत ठेवली आहे. आज कोणी नाव लिहू नये. घरी जावे, विचार करावा, पुढच्या रविवारी लिहावे. दुखणेकऱ्यांसाठी बसून करायची कामे वेगळ्या पानावर आहेत, पावत्या फाडणे, फोन लावणे, चपला सांभाळणे. ज्यांचे नाव येणार नाही त्यांच्या घरी कारण विचारायला कोणी जाऊ नये.

नमो बुद्धाय. जयभीम.