कचऱ्यातले तेल आणि कचरावेचकांचा वाटा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून इंधन काढण्याची विद्या आता नवलाची राहिलेली नाही. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ साली दररोज एक टन प्लॅस्टिक हाताळणारे संयंत्र सुरू झाले. त्यातून दिवसाला सुमारे ८०० लिटर डिझेल मिळेल, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. अशी बातमी आली की प्रश्न सुटला, अशी सुशिक्षितांची समजूत होते. समाजवादी कार्यकर्त्याने मात्र दोन गोष्टी विचारावयास हव्यात. या प्रक्रियेत नेमके काय घडते, आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडतो?

प्रश्नाची व्याप्ती प्रथम पाहू. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय पाहणीनुसार १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक निर्माण झाले व त्यातील ६३० कोटी टनांचा कचरा झाला. या कचऱ्यापैकी अवघ्या ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के कचराभूमीवर वा उघड्या निसर्गात साचून राहिला.

पिशव्या व डबे ज्या पॉलिथिलीनचे आणि पॉलिप्रॉपिलीनचे बनतात, त्या कार्बन व हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्या होत. हवेचा संपर्क टाळून त्या ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविल्या की तुटतात. पण वाटेल तशा तुटतात आणि पुष्कळसे मेणच हाती येते. झिओलाईटसारखा उत्प्रेरक वापरला म्हणजे त्या कमी उष्णतेत तुटतात आणि पेट्रोल-डिझेलच्या जातीचे रेणू अधिक मिळतात. झिओलाईट म्हणजे सिलिका व ॲल्युमिना यांची, असंख्य सूक्ष्म छिद्रांची रचना. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात झिओलाईट उत्प्रेरकांबाबत मोलाचे काम केले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

खरी अडचण आहे ती कचऱ्याच्या सरमिसळीची. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा क्लोरीनचा असतो. ते भट्टीत गेले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, तो पात्र कुरतडतो व तेल बिघडवितो. पाण्याच्या बाटल्यांच्या पीईटीमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्यापासून चांगले इंधन होत नाही. माती आणि उष्ट्या अन्नाची घाण वेगळीच. शिवाय उत्प्रेरकावर कोळशाचा थर चढतो, तो वरचेवर जाळून काढावा लागतो. २०२२ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिश्र प्लॅस्टिकचे प्रथम रासायनिक ऑक्सिडीकरण करून व नंतर जीवाणूंकरवी त्यापासून उपयुक्त द्रव्ये बनवून दाखविली; परंतु हे यश प्रयोगशाळेतले आहे. गावोगावची संयंत्रे आजही निवडलेल्या मालावरच चालतात.

हा माल निवडतो कोण? घरोघर हिंडून, उकिरड्यावर वाकून, हाताच्या स्पर्शाने प्लॅस्टिकची जात ओळखणारी कचरावेचक स्त्री. उत्प्रेरकापर्यंत पोहोचणाऱ्या प्रत्येक किलोत तिचे श्रम असतात. तेलाच्या हिशेबात मात्र तिचा रकाना नसतो. कचरा फुकट मिळतो असे गृहीत धरूनच नफ्याची गणिते मांडली जातात.

हे गृहीत किती पोकळ आहे, हे जर्मनीत दिसून आले. बी.ए.एस.एफ. या बलाढ्य कंपनीने १९९४ साली लुडविग्सहाफेन येथे प्लॅस्टिक कचऱ्यापासून रासायनिक कच्चा माल बनविणारा प्रायोगिक कारखाना उभारला आणि १९९६ साली तो बंद केला. रसायनशास्त्र हरले नव्हते. पुरेसा कचरा, परवडेल अशा मोबदल्यात, मिळत राहील याची शाश्वती नव्हती. त्यातच कच्च्या तेलाचा भाव उतरला की कचऱ्यातले तेल महाग ठरते. अशा वेळी तोटा भरून काढण्यासाठी मालक प्रथम कचऱ्याच्या दरालाच, म्हणजे वेचणाऱ्याच्या मजुरीलाच, हात घालणार हे उघड आहे.

इंधन करण्याला आणखीही एक मर्यादा आहे. एक किलो पॉलिथिलीनइतके इंधन जाळले की तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून ज्या प्लॅस्टिकपासून पुन्हा वस्तू घडविता येते, ते भट्टीत घालणे ही उधळपट्टी होय. भट्टीकडे जावे ते त्यानंतर उरणारे, भंगारवाला ज्याला भाव देत नाही ते.

यातून कार्यकर्त्यांच्या मागण्या स्पष्ट होतात. २०१६ च्या नियमांनी वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आणि २०२२ साली तिला प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीचे रूप आले. ही प्रमाणपत्रे नोंदणीकृत प्रक्रियादाराच्या नावे निघतात, वेचणाऱ्याच्या नावे नव्हे. त्या पैशातून वर्गवारीच्या श्रमाला ठरलेला दर मिळावा, ही पहिली मागणी. शहराच्या कचऱ्यावर कोणाही ठेकेदाराला एकाधिकार देऊ नये, ही दुसरी. संयंत्रातून निघणारा धूर, राख आणि आम्ल यांचा हिशेब जनतेपुढे ठेवावा, ही तिसरी. आणि ज्यांचे काहीच होऊ शकत नाही अशी बहुपदरी वेष्टने निर्मितीच्या ठिकाणीच आटोक्यात आणावीत, ही चौथी.

हे स्वप्नरंजन नव्हे. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि २००८ साली तिच्यातूनच निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. कचरावेचकच त्या संस्थेचे मालक आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कचऱ्याइतकेच टाकाऊ मानले गेले, त्यांनी महापालिकेशी बरोबरीने बोलणी केली. अशी संस्था उद्या एखाद्या संयंत्राची भागीदार का होऊ नये?

उत्प्रेरक क्रियेला वेग देतो आणि स्वतः खर्ची पडत नाही, असे रसायनशास्त्र सांगते. कचरावेचकाचे शरीर मात्र रोज खर्ची पडते. त्याची भरपाई ज्या हिशेबात नाही, त्या हिशेबाला प्रगती म्हणता येणार नाही.