अभिमानी, चाहता आणि समीक्षक



‘विज्ञानकथा आणि तिचा रसिक’ या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. विषय मोठा आहे. त्यातला एकच भाग मी आज घेतो. एखाद्या विज्ञानकथेवर कोणी प्रतिकूल मत दिले, की तिच्या चाहत्यांकडून जे उत्तर येते, त्या उत्तराचा विचार करू. त्याचे ठळक उदाहरण आपल्याच शहराने अलीकडे पाहिले आहे.

सुरुवात शब्दांपासून करतो. तेलुगूत चाहत्याला ‘अभिमानी’ म्हणतात. मराठीत अभिमानी म्हणजे ज्याला कशाचा तरी अभिमान आहे तो. संस्कृतातून आलेला एकच शब्द दोन शेजारणींच्या घरी असा वेगळा नांदतो. सांख्यदर्शनात तर अहंकाराचे लक्षणच अभिमान हे आहे. म्हणजे ‘मी’ आणि ‘माझे’ ही जाणीव. मला तेलुगू शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. ‘चाहता’ या शब्दात नुसती आवड दिसते. ‘अभिमानी’ म्हटले की आवडत्या गोष्टीत माणसाने स्वतःला किती गुंतवले आहे तेही कळते. तिला कोणी नावे ठेवली, तर ती त्यालाच ठेवल्यासारखी होतात. आपल्याकडे ‘रसिक’ हा तिसरा शब्दही आहे. रसिक पंगतीत बसून आमटी अळणी आहे असे म्हणू शकतो आणि तरीही पोटभर जेवतो.

आता उदाहरण. नाग अश्विन यांचा ‘कल्की २८९८ एडी’ हा चित्रपट २७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व ३१०२ मध्ये धरला, तर २८९८ सालापर्यंत सहा हजार वर्षे होतात. शीर्षकातला आकडा तिथून आला. महाभारतातला अश्वत्थामा भविष्यातल्या उजाड काशीत भेटतो, अशी ही कल्पना. हा एका मालिकेचा पहिला भाग आहे. चित्रपटाआधी महिनाभर ‘बुज्जी अँड भैरवा’ ही दोन भागांची अॅनिमेशन मालिकाही आली होती. भैरवाची बोलणारी गाडी, ती बुज्जी, लोकांसमोर प्रथम आली ती आपल्या रामोजी फिल्म सिटीत. शहराला या चित्रपटाचा अभिमान वाटला, यात नवल नाही.

ऑगस्टमध्ये अभिनेते अर्शद वारसी एका मुलाखतीत या चित्रपटाबद्दल बोलले. अमिताभ बच्चन यांची त्यांनी तोंड भरून स्तुती केली. प्रभास मात्र जोकरसारखे वाटले, याचे वाईट वाटले, असे ते म्हणाले. आपल्याला ‘मॅड मॅक्स’सारखा नायक पाहायचा होता, हेही त्यांनी सांगितले. या बोलण्यात एक स्तुती होती, एक अपेक्षा होती आणि एक शब्द होता. गाजला तो शब्द. चाहत्यांचा संताप उसळला. तेलुगू अभिनेत्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. इथल्या कलाकार संघटनेचे अध्यक्ष विष्णू मंचू यांनी मुंबईच्या संघटनेला पत्र लिहिले. पुढे सप्टेंबरमध्ये वारसी यांनी खुलासा केला, की आपण पात्राविषयी बोललो होतो, माणसाविषयी नाही.

पात्र आणि माणूस यांतला हा फरक आपण वर्गात पहिल्याच तासाला शिकवतो. बाहेर तो टिकत नाही. पण दोष एकट्या चाहत्यांचा नाही. ‘जोकर’ हा शब्द निकाल सांगतो, कारण सांगत नाही. कोणत्या प्रसंगात, कोणत्या संवादात तसे वाटले, हे सांगितले असते तर बोलणे पात्रापाशी राहिले असते. पुराव्याशिवाय फेकलेले विशेषण माणसालाच लागते.

हे उदाहरण मी माझ्या मराठीच्या वर्गात ठेवले. हैदराबादची मुले, घरी मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि दखनी. पहिल्या फेरीत अपेक्षित तेच आले: ‘बोलणारे हे कोण?’, ‘यांचे स्वतःचे किती चित्रपट चालले?’ मग मी अट घातली, की आधी आक्षेप स्वतःच्या शब्दांत मांडायचा, आणि तो असा की आक्षेप घेणाऱ्याने ‘हो, हेच म्हणायचे होते’ असे म्हणावे. त्यानंतरच उत्तर. आपल्या शास्त्रचर्चेतला हा पूर्वपक्ष.

दुसऱ्या फेरीत एका विद्यार्थिनीने लिहिले, की भैरवा थिल्लर आहे हे खरे, पण तो तसाच असायला हवा. तो पैशासाठी माणसे पकडणारा आहे, आपण कोण हे त्यालाच ठाऊक नाही. शेवटी तो कर्ण म्हणून समोर येतो, तेव्हा आधीच्या थिल्लरपणाला अर्थ मिळतो. दुसऱ्या मुलाने तिला अडवले. अर्थ शेवटच्या काही मिनिटांत मिळणार असेल, तर जवळजवळ तीन तास प्रेक्षकाने कशाच्या भरवशावर बसायचे? हा अभिनयाचा नाही, पटकथेचा दोष आहे. दोघेही प्रभासचे अभिमानी! दोघांनीही समीक्षा केली, आणि अभिमान कुणाला सोडावा लागला नाही.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात याची उलटी बाजू दिसते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. तोवर शास्त्रज्ञ म्हणून त्यांची कीर्ती जगभर झाली होती. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी फिरवली आणि ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. आपले नाव बाजूला ठेवून आपली कथा वाचली जावी, अशी ही व्यवस्था लेखकाने स्वतःच केली होती. चाहत्यांचा जमाव पाठीशी असताना ज्याला ती करावीशी वाटते, त्याचा आपल्या कामावर विश्वास असतो.

समीक्षा नकोच, ही दुसरी वाट. पहिले तीन दिवस चित्रपटांच्या परीक्षणांवर बंदी घालावी, अशी मागणी घेऊन तमिळ निर्माते मद्रास उच्च न्यायालयात गेले होते. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तसा सरसकट आदेश देण्यास नकार दिला.

आपल्या मराठी वर्तुळात अशा आदेशाची गरजच पडत नाही. हैदराबादेत मराठी लिहिणारे थोडे. पुस्तकाचा लेखक आणि त्याचा परीक्षक पुढच्या आठवड्यात एकाच सभागृहात शेजारी बसणार असतात. मग परीक्षणाच्या नावाखाली अभिनंदनाचा लेख छापला जातो. जमावाच्या भीतीने गप्प बसणे आणि संकोचाने गप्प बसणे, लेखकाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम सारखाच. विज्ञानकथेला तर हे फार महाग पडते. कथेतले विज्ञान काढून घेतले तर कथा उरते का, आणि कथा काढून घेतली तर नुसता धडा उरतो का, हे लेखकाला दुसऱ्या कोणी तरी सांगावे लागते.

शेवटी, ज्यांच्या चित्रपटावर टीका झाली त्या नाग अश्विन यांचे उत्तर आठवावे. शब्द जरा जपून वापरायला हवे होते, एवढे त्यांनी म्हटले. उत्तर-दक्षिण असा वाद वाढवायला नकार दिला. वारसी यांच्या मुलांसाठी बुज्जीची खेळणी पाठवतो म्हणाले. आणि पुढच्या भागात प्रभास अधिक चांगले दिसतील यासाठी मेहनत घेऊ, असेही सांगितले. म्हणजे शब्दावर आक्षेप ठेवून त्यामागची अपेक्षा त्यांनी स्वीकारली.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की वर्षातून एकदा तरी मुलांना त्यांच्या सर्वांत आवडत्या कलाकृतीवरचे प्रतिकूल मत वाचायला द्या आणि पूर्वपक्षासह उत्तर लिहून घ्या. नवोदित लेखकांनी आपले पुस्तक अशा एका तरी मित्राच्या हाती द्यावे, जो अळणीला अळणी म्हणेल.