'त्रासा'चा गुन्हा



१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, अंत्ययात्रेच्या वेळी, मुंबई आणि तिच्या आसपासचा सारा परिसर बंद होता. त्या काळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर गावी एकवीस वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. माणसे रोज मरतात आणि तरीही जग चालू राहते. आजचा बंद आदरापोटी नसून भयापोटी आहे, एवढाच त्यांचा आशय. तिच्या मैत्रिणीने त्या मजकुरावर पसंतीची खूण केली. लवकरच जमाव गोळा झाला आणि त्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. मोडतोड करणाऱ्यांवरही पुढे कारवाई झाली हे खरे. परंतु पोलिसांना आधी पकडावेसे वाटले ते त्या दोन मुलींना. बंद भयापोटी आहे या विधानाला याहून बळकट पुरावा कोणी देऊ शकला नसता!

पुढे प्रकरण गाजले, पोलीस अधिकारी निलंबित झाले, गुन्हा मागे घेतला गेला. परंतु त्या अधिकाऱ्यांच्या हाती जे हत्यार होते ते त्यांनी घडवलेले नव्हते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ हे ते हत्यार. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील अतिरेकी हल्ल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, लोकसभेने ही दुरुस्ती चर्चेवाचून संमत केली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि गुन्हा कोणता? त्रास देणे, गैरसोय करणे! 'धोका', 'द्वेष', 'शत्रुत्व' या शब्दांच्या पंगतीला 'त्रास' आणि 'गैरसोय' हे शब्द बसवले गेले. वस्तुतः राजकीय टीकेचा हेतूच मुळी सत्ताधाऱ्याला त्रास व्हावा हा असतो. ज्या अग्रलेखाने कोणाचीच गैरसोय होत नाही, तो कशासाठी छापायचा?

सैल शब्दांचा कायदा ही चूक नसते, सोय असते. ही सोय इंग्रजांना चांगली ठाऊक होती. १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा याच जातीचा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध'वर १९१० मध्ये बंदी आली, कारण कीचकाच्या जागी प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला होता. नाटकात कर्झनचे नावही नव्हते. तो १८७६ चा कायदा पुस्तकातून निघायला २०१८ साल उजाडावे लागले. स्वतंत्र भारतात सत्तर वर्षे कोणत्याही पक्षाच्या सरकारला त्याची घाई नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कलम ६६ अ वर सर्वोच्च न्यायालयात पालघरच्या घटनेनंतर याचिका झाली ती कायदा शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीची. श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल २४ मार्च २०१५ रोजी लागला आणि ते कलम घटनाबाह्य ठरून रद्द झाले. सरकारचे म्हणणे होते की, या कलमाचा दुरुपयोग होणार नाही याची हमी आम्ही देतो. न्यायमूर्तींनी उत्तर दिले की, सरकारे येतात आणि जातात, कलम मात्र तसेच राहते. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि प्रत्यक्ष चिथावणी या तीन भिन्न पायऱ्या आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी कायद्याला तेथे हात घालता येत नाही, तिसरीपाशी मात्र तो येऊ शकतो, असा भेद त्या निकालाने केला.

या भेदाची खरी कसोटी विरोधकाच्या बाबतीत लागते. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक होता डाव्या विचारांच्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकाचा, ज्याला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात प्रवेशबंदी केली होती. दुसरा होता 'ऑर्गनायझर'चा, ज्याच्यावर दिल्लीत पूर्वतपासणी लादली गेली होती. दोघांचे एकमेकांशी हाडवैर. तरीही दोघे एकाच तत्त्वाने सुटले. त्यातून सरकार एवढे अस्वस्थ झाले की १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्तीच झाली. आज आपल्या बाजूचा लेखक पकडला गेला की आविष्कारस्वातंत्र्य आणि समोरचा पकडला गेला की 'कायदा आपले काम करील', असे म्हणणारे पुरोगामी वर्तुळातही कमी नाहीत. त्यांनी हे दोन निकाल एकत्र वाचावेत.

तथापि, शब्दाने काहीच बिघडत नाही असे म्हणणे हा पोरकटपणा होईल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी भटकत आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्या पाच जणांचा बळी घेणाऱ्या शब्दांना कोणते स्वातंत्र्य लागू करायचे? हा प्रश्न टाळता येणार नाही. परंतु त्याचे उत्तर 'त्रास' आणि 'गैरसोय' यांच्या कायद्यात नव्हते. हिंसेला चिथावणी देणे हा गुन्हा पूर्वीही होता, आजही आहे. तेथे उणीव होती ती वेळेवर पोचणाऱ्या पोलिसांची, आणि खेड्यांत भटक्या माणसाकडे चोर म्हणूनच पाहण्याच्या त्या जुन्या नजरेवर कधी कोणी काम न केल्याची. इंग्रजांच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ही नजर घट्ट केली; मोबाईलने तिला पाय दिले. पालघरच्या मुलींना गजाआड करण्यास जी यंत्रणा तत्पर होती, ती राईनपाड्याच्या माणसांना वाचवू शकली नाही.

एखादे कलम रद्द झाले म्हणून त्याचा वापर थांबतो असेही नाही. २०१५ नंतर अनेक वर्षे पोलीस ठाण्यांत ६६ अ खाली गुन्हे नोंदले जात राहिले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने हे न्यायालयापुढे आणले, आणि या मृत कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा काढावा लागला. ज्याच्यापाशी वकील आहे तो पहिल्या तारखेलाच सुटतो. ज्याच्यापाशी नाही त्याच्या दृष्टीने ते कलम जिवंतच होते.

मधल्या काळात पद्धत बदलली. माणूस पकडण्यापेक्षा मजकूरच नाहीसा करणे सोपे. सरकारच्या कारभाराविषयी काय खोटे आहे ते सरकारच्याच तपासणी कक्षाने ठरवावे, असा नियम २०२३ मध्ये आला. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने तो नियम कोसळला. परंतु त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ अ २०१५ च्या निकालात शाबूत राहिले. त्याखाली मजकूर रोखण्याचे आदेश कंपनीकडे जातात. कलमाप्रमाणे कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि २००९ च्या नियमांप्रमाणे तक्रार व कारवाई दोन्ही गुप्त ठेवली जातात. 'कीचकवध'वर बंदी आली तेव्हा ती निदान जाहीर झाली होती.