मधुमेह : आजारपण, ॲलर्जी आणि स्टिरॉइड



वेण्णेच्या काठी वसलेल्या मेढ्याला पावसाची ओळख करून देण्याचे कारण नाही. आषाढ लागला की जावळीचे खोरे धुक्यात बुडते. भिंतींना ओल येते, अंथरुणे दमट होतात आणि बुरशीच्या सूक्ष्म कणांमुळे घरोघरी शिंका, खोकला व दमा सुरू होतो. बांधाबांधावर गाजर गवत माजते. १९५० च्या दशकात पुणे परिसरात नजरेस आलेले हे परदेशी गवत अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळ आणते. नेमका हाच काळ चातुर्मासाचा, पर्युषणाचा आणि तपाराधनेचा असतो. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यापुढे आजार, त्यावरील औषध आणि उपवास या तिन्ही गोष्टी एकदमच उभ्या राहतात. त्यांचा परस्परसंबंध समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आपल्याकडे एक समजूत खोलवर रुजलेली आहे. ताप आला, अन्नावरची वासना गेली, म्हणजे साखर आपोआप कमी होणार आणि म्हणून मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन बंद ठेवावे, अशी ती समजूत आहे. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. आजाराशी झुंजण्यासाठी शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन आणि ग्लुकॅगॉन ही संप्रेरके अधिक प्रमाणात सोडते. त्यांच्या आदेशाने यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात ओतते आणि इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. ताटात काही नसतानाही साखर चढते ती यामुळे. वाढलेली साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते, शरीर कोरडे पडते आणि साखर आणखी वाढते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी आजारपणात ते स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे, ते याच कारणाने.

ॲलर्जीचा विचार करता, साध्या शिंकांनी वा पित्ताच्या गांध्यांनी साखर फारशी हलत नाही. सेटिरिझिनसारख्या नेहमीच्या गोळ्यांचाही तिच्यावर विशेष परिणाम होत नाही. मात्र खोकल्याच्या कित्येक औषधांत साखरेचा पाक असतो आणि चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या साखर व रक्तदाब थोडा वाढवू शकतात. दम्याच्या पंपातही बहुधा स्टिरॉइड असते, पण त्याची मात्रा अल्प असून ते मुख्यतः फुप्फुसातच काम करते. साखरेच्या भीतीने पंप सोडणे हिताचे नाही. पंप घेतल्यावर चूळ भरावी, एवढे पथ्य पुरे. खरा प्रश्न येतो तो पोटात घेतल्या जाणाऱ्या किंवा टोचल्या जाणाऱ्या स्टिरॉइडचा.

स्टिरॉइड हे काही शत्रू नव्हे. अमेरिकेतील डॉ. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. या संशोधनाला १९५० चे नोबेल पारितोषिक लाभले. २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोनने कोविडच्या अत्यवस्थ रुग्णांचे प्राण वाचतात, हे सिद्ध झाले. पण त्याच चाचणीने हेही दाखवले की, ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना या औषधाचा लाभ झाला नाही. पुढे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत हे औषध गरजेपलीकडे, जादा मात्रेत आणि जादा दिवस वापरले गेल्याची उदाहरणे घडली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड यांची गाठ पडली आणि म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीने, महाराष्ट्रात अनेकांचे डोळे, जबडे आणि प्राण घेतले. औषध तेच होते. फरक होता तो मात्रेचा, मुदतीचा आणि साखरेवरील लक्षाचा.

या लक्षातच एक मोठी फट राहून जाते. समजा, बाजारपेठेतील एका साठीच्या गृहस्थांना दम्यासाठी रोज सकाळी प्रेडनिसोलोनची गोळी दिली आहे. ते सवयीप्रमाणे उपाशीपोटी साखर तपासतात. आकडा ११० येतो आणि घरचे निश्चिंत होतात. परंतु सकाळी घेतलेल्या या गोळीचा जोर दुपारी आणि सायंकाळी असतो. रात्रीतून तो ओसरतो. त्याच गृहस्थांची साखर दुपारी चार वाजता ३०० असू शकते आणि तिचा कोणाला पत्ताही नसतो. व्यापारी दिवसाचा हिशेब सकाळच्या शिलकेवरून ठरवीत नाही. रोजमेळ संध्याकाळीच मिळवावा लागतो. स्टिरॉइड चालू असताना साखरेचा हिशेबही तसाच ठेवावा. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि सायंकाळच्या भोजनापूर्वी तपासणी अवश्य करावी. सांध्यात घेतलेल्या स्टिरॉइड इंजेक्शननंतरही काही दिवस हे पाळावे.

चोविहार करणाऱ्यांसाठी याला आणखी एक बाजू आहे. सायंकाळची चढलेली साखर पाहून औषध वाढवले जाते. पण सूर्यास्तानंतर अन्नपाणी बंद असते आणि स्टिरॉइडचा जोरही उतरत असतो. अशा वेळी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी पहाटे साखर एकदम खाली आणू शकते. घाम, थरथर आणि गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे. साखर ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यात घालून त्वरित घ्यावी. पच्चक्खाणाच्या आगारांत, प्रकृती एकाएकी बिघडल्यास समाधीसाठी औषध घेण्याची मोकळीक ठेवलेली आहे, हे ज्येष्ठांनी विसरू नये. आपल्या जेवणाच्या वेळा आणि तपाचा संकल्प डॉक्टरांना आधीच सांगावा आणि उपवासाविषयी महाराजसाहेबांचे मार्गदर्शन घ्यावे. डॉक्टरांना वेळा ठाऊक असतील, तर औषधाची आखणी तशी करता येते.

काही गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. नवे औषध हाती पडताच, यात स्टिरॉइड आहे काय, हे विचारावे आणि आपल्याला मधुमेह असल्याचे सांगावे. नावगाव नसलेल्या दम्याच्या वा सांधेदुखीच्या पुड्या घेऊ नयेत. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. तीन आठवड्यांहून अधिक घेतलेले स्टिरॉइड एकाएकी बंद करू नये. शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलनिर्मिती त्या काळात मंदावलेली असते, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. आजारपणात उकळून गार केलेले पाणी थोडे थोडे पीत राहावे. उलट्या-जुलाब होत असतील, तर मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, त्यासाठी डॉक्टरांना त्वरित विचारावे. साखर ३०० च्या वर टिकून राहिली, उलट्या थांबेनात, श्वास खोल आणि जलद चालू लागला किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

घरात ग्लुकोमीटर असावा आणि त्याशेजारी एक वही असावी. दिनांक, वेळ, साखरेचा आकडा आणि त्या दिवशी घेतलेले औषध, एवढे तीत लिहिले तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते. ज्या घरात वडीलधाऱ्यांना बोट टोचून तपासता येत नाही, तेथे नातवंडांनी दुपारची पाच मिनिटे त्यांच्यासाठी राखून ठेवावीत. वडिलांची सेवा याहून वेगळी नसते.